शरदातील जलाशय आणि पाहुण्या पक्ष्यांचे निरीक्षण

भाद्रपद सरत आला म्हणजे आपल्या जिल्ह्यातील धरणे व गावतलाव बहुधा भरलेले असतात. आकाश निवळू लागते, सोयाबीन पिवळे पडते, पहाटे अंगावर पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते. आणि याच सुमारास, कोणाचे फारसे लक्ष नसताना, उत्तरेकडील पाहुणे पक्षी आपल्या पाणवठ्यांवर उतरू लागतात. शाळेच्या वाटेवर तलाव असलेल्या गावांतील मुले हे पक्षी दरवर्षी पाहतात. परंतु पाहणे आणि निरीक्षण करणे यांत अंतर आहे. ते अंतर थोडे कमी करण्यास शिक्षक-शिक्षिकांस उपयोगी पडेल अशी माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातील ‘पक्षी’ हा पाठ वर्गात शिकविता येतो, तसाच तो तलावाच्या काठीही शिकविता येतो. आणि दुसऱ्या मार्गास खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

प्रथम आपल्या जिल्ह्याची रचना ध्यानात घ्यावी. ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे त्याचे दोन भाग आपण बोलण्यात नेहमीच करतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने पाडलेली ही विभागणी पाण्याचीही विभागणी आहे. घाटाखालचे पाणी पूर्णेस मिळून तापीच्या वाटेने अरबी समुद्रास जाते. घाटावरच्या पैनगंगेचे व खडकपूर्णेचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागरास मिळते. दोन्ही बाजूंस माणसाने पाणी अडविले आहे. बुलढाणा शहरास पाणी पुरविणारे पैनगंगेवरील येळगाव धरण, त्याच नदीवर खाली मेहकर तालुक्यातील पेनटाकळी, देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा म्हणजेच संत चोखामेळा सागर, मोताळा तालुक्यातील नळगंगा, ही त्यांतील ठळक नावे. याखेरीज लहानमोठे पाझर तलाव व गावतलाव पुष्कळ आहेत. यांतील एकही सरोवर निसर्गाने घडविलेले नाही. निसर्गाने घडविलेले एकच, ते लोणारचे. त्याविषयी पुढे सांगू.

धरण बांधताना पक्ष्यांचा विचार कोणी केला नव्हता. सिंचन आणि पिण्याचे पाणी हेच प्रयोजन होते. तरीही आकाशातून जाणाऱ्या बदकास ते पाणी कोणी व कशासाठी अडविले याच्याशी कर्तव्य नसते. उथळ काठ, थोडा चिखल, भोवती मोकळे रान आणि फारसा त्रास नाही, एवढे मिळाले की तो थवा उतरतो.

येथे ‘स्थलांतर’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांस नीट समजावून द्यावा. २०१९ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, ही हकीकत वर्तमानपत्रांतून सर्वांच्या वाचनात आली होती. तो प्रवास मोठाच. पण त्यास स्थलांतर म्हणत नाहीत. वाघ नवे क्षेत्र शोधण्यास निघाला होता, ऋतू पालटल्यावर परत जाण्यास नव्हे. स्थलांतरात जाणे आणि येणे ठरलेले असते. एका प्रदेशात घरटे बांधून पिले वाढवावयाची, दुसऱ्या प्रदेशात हिवाळा काढावयाचा, आणि वर्षानुवर्षे हाच क्रम चालवावयाचा. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. हा दाखला आपल्याकडील मुलांना फार चटकन समजतो. कित्येकांच्या वर्गातील बाके त्या काळात रिकामी असतात.

पक्षी का निघतात, या प्रश्नास मुले एकच उत्तर देतात, “थंडीमुळे.” उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. पिसांचे आवरण इतके उबदार असते की बदकासारखा पक्षी बरीच थंडी सहज सोसतो. त्याला हाकलते ती भूक. सैबेरियातील सरोवर गोठले की पाण्यातील किडे, शंख, वनस्पती बर्फाखाली जातात. चोच कितीही कुशल असली तरी तेथे पोहोचत नाही. मग उन्हाळ्यात तेथे परत तरी का जावयाचे? कारण उत्तरेकडे उन्हाळ्यातील दिवस अतिशय मोठा असतो, कीटकांचा सुकाळ असतो, आणि पिलांना चारावयास वेळ भरपूर मिळतो. आपल्याकडील वैशाखात बहुतेक तळी आटतात. म्हणजे दोन्ही ठिकाणी वर्षातून काही काळ अन्नाची चणचण असते, आणि ती वेगवेगळ्या वेळी येते. या दोन अभावांच्या मधून पक्ष्याने आपली वाट काढली आहे.

निघण्याची वेळ त्यास कोण सांगते? थंडी पडेपर्यंत तो थांबत नाही. दिवस लहान होऊ लागला की त्याच्या शरीरातील ग्रंथींचे स्राव बदलतात, भूक वाढते, आणि तो अंगावर चरबी साठवू लागतो. हीच त्याची शिदोरी. प्रवासास निघताना कित्येक लहान पक्ष्यांच्या वजनाचा बराच मोठा भाग चरबीचाच असतो. बहुसंख्य पक्षी रात्री उडतात; हवा शांत व थंड असते, ससाण्यांचे भय कमी असते, आणि दिवस खाण्यास मोकळा राहतो. दिशा ओळखण्यास सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व या तिहींचा उपयोग ते करतात, असे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

हे सारे ज्ञान फार जुने नाही. युरोपात दीर्घकाळ अशी समजूत होती की पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपून राहतात. १८२२ साली जर्मनीत एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकेतील बनावटीचा लाकडी बाण आरपार अडकलेला होता. बाणासह तो पक्षी आफ्रिकेतून जर्मनीपर्यंत उडत आला होता. तो पेंढा भरून रॉस्टॉक येथील विद्यापीठात ठेविलेला आहे. शिक्षकांस अधिक जवळची वाटावी अशी गोष्ट पुढची. १८९९ साली डेन्मार्कमधील व्हिबोर्ग या गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तरांनी १६५ मैनावर्गीय पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. प्रत्येक कड्यावर क्रमांक व गावाचे नाव होते. त्यापूर्वी त्यांनी जस्ताची कडी वापरून पाहिली होती, ती जड पडली. आज जगभर चाललेल्या पक्षी-वलयांकनाच्या कार्याचा आरंभ या एका शिक्षकाने आपल्या गावात केला.

आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम हाती घेतले. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली. १९६० च्या दशकात डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली भरतपूर येथे हजारो पाणपक्ष्यांना कडी घालण्यात आली, आणि त्यांतील कित्येक पुढे मध्य आशियात व सैबेरियात सापडले. एखाद्या मृत अथवा जखमी पक्ष्याच्या पायात धातूचे कडे आढळल्यास त्यावर या संस्थेस कळवावे असा इंग्रजी मजकूर व क्रमांक असतो. मुलांना हे अवश्य सांगून ठेवावे. क्रमांक, तारीख, गाव आणि पक्षी कोणत्या स्थितीत मिळाला एवढे लिहून संस्थेस कळविले की तो पक्षी कोठे व केव्हा पकडून सोडला होता हे शोधता येते. जिवंत पक्ष्याचे कडे काढू नये. क्रमांक उतरून घ्यावा. मृत पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू देऊ नये.

आता येण्याचा क्रम. पाहुणे एकाच दिवशी येत नाहीत, आणि हा क्रम मुलांना स्वतः शोधू दिला तर त्यांना फार गोडी लागते. सर्वांत आधी येणारे पाण्याचे नव्हेतच. श्रावण-भाद्रपदात भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशियातून थव्यांनी येऊ लागतात. तुतारी जातीचे चिखलपक्षी तर श्रावणातच डबक्यांच्या काठी शेपटी हलवीत दिसू लागतात. ते ‘हिवाळी पाहुणे’ म्हटले जातात खरे, पण हिवाळ्याची वाट ते पाहत नाहीत. त्यानंतर धोबी, ज्यास कोणी परीटही म्हणतात. पांढरा, पिवळा व करडा असे तीन धोबी निरनिराळे ओळखता येतात. शाळेच्या मैदानावर पहिला धोबी कोणत्या तारखेस दिसला, ही नोंद तलाव नसलेल्या गावातील शाळेसही करता येईल.

बदकांत भुवई बदक लवकर येते. नराच्या डोळ्यावरून मानेकडे गेलेली पांढरी रेघ हीच त्याची खूण, मात्र शरदात नर मादीसारख्याच मळकट पिसांत असतो म्हणून ती रेघ ठळक दिसेलच असे नाही. आश्विन-कार्तिकात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक येतात. चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते व दोघे तळ्याच्या दोन तीरांवरून एकमेकांस हाका मारीत राहतात, हा संस्कृत काव्यातील संकेत शिक्षकांस ठाऊक असेलच. रात्री हे पक्षी चरण्यास पांगतात आणि एकमेकांस मोठ्याने साद घालतात, एवढे त्यात निरीक्षण आहे. बाकी कवींची भर. भगवी-बदामी रंगाची ती मोठी बदके लडाख-तिबेटकडील उंच पठारांवर पिले वाढवितात. पट्टकादंब हा हंस बहुधा त्याहून उशिरा येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी हिमालय ओलांडताना ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर उडताना यंत्रांनी नोंदविला गेला आहे. तेथील विरळ हवेतही त्याचे रक्त प्राणवायू धरून ठेवू शकते. कांड्या करकोचे मध्य आशियाकडून मोठ्या थव्यांनी येतात. त्यांचा आवाज पक्षी दिसण्याच्या पुष्कळ आधी ऐकू येतो.

या साऱ्यांत मला स्वतःला अधिक नवल वाटते ते टिलव्याचे. चिमणीहूनही जरा हलका असा हा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या वृक्षहीन ओसाड प्रदेशात जन्मतो आणि आपल्या तलावाच्या चिखलात टिपटिप चोच मारीत धावताना दिसतो. मुले त्यास पाहून हसतात, इतका तो लगबगीचा आहे. मोठा हंस हिमालय ओलांडतो हे पटते. हा मूठभर जीव हजारो किलोमीटर येतो हे पटावयास वेळ लागतो.

सर्व पाणपक्षी पाहुणे असतात असे मात्र समजू नये. टिबुकली, शेकाट्या, टिटवी, ढोकरी, खंड्या, हळदीकुंकू बदक हे आपल्याकडील नित्याचे रहिवासी होत. उलट चातक पावसाळ्यापूर्वी येतो आणि पाहुणी बदके येण्याच्या सुमारास निघून जातो. येणाऱ्यांची यादी करताना जाणाऱ्यांचीही करावी.

कोणता पक्षी तलावाच्या कोणत्या भागात बसेल हे बरेचसे पाण्याच्या खोलीवर ठरते. धरणाच्या भिंतीजवळ पाणी खोल. तेथे बदके दिसली तर बहुधा विसावा घेत असतात. फुगवट्याच्या टोकास, जेथे नदी धरणात शिरते, तेथे पाणी उथळ व गाळ साचलेला असतो. खरी वर्दळ तेथे असते. निरीक्षणास जाणारे बहुतेक लोक मात्र भिंतीकडे जातात, कारण तेथवर रस्ता असतो! थापट्याच्या फावड्यासारख्या चोचीच्या कडांना चाळणीसारखे बारीक दाते असतात; तो पाणी आत घेऊन गाळून सोडतो व सूक्ष्म अन्न ठेवून घेतो. तलवार बदक शेपूट वर करून अर्धे अंग पाण्यात बुडविते आणि लांब मानेने तळ चाचपते. त्यास हातभर पाणी पुरते. काही बदके पूर्ण बुडी मारतात, त्यांस अधिक खोल पाणी चालते. शेकाट्याचे लाल, काडीसारखे पाय त्यास पोटरीभर पाण्यात उभे करतात. चिखल्यास मात्र पाय भिजण्यापुरतेच पाणी हवे. एकाच काठावर दहा जातींचे पक्षी भांडण न करता कसे चरतात, हा प्रश्न वर्गात विचारावा व उत्तर चोची आणि पाय यांची चित्रे काढवून मुलांकडूनच मिळवावे.

येथे आणखी एक गोष्ट आहे. सप्टेंबर-अखेरीस धरण काठोकाठ भरले असता चिखल पाण्याखाली असतो. चिखलपक्ष्यांस तेथे जागा नसते. ते लहान तळी, नाल्यांचे काठ, रस्त्याकडेची डबकी यांवर दिवस काढतात. पुढे रब्बीची आवर्तने सुटू लागली, पाणी हळूहळू मागे हटले, की दर आठवड्यास ओल्या गाळाची नवी पट्टी उघडी पडते आणि टिलवे, तुतारी, चिखल्या यांची पंगत तेथे मांडली जाते. पाटबंधारे खात्याचे वेळापत्रक आणि पक्ष्यांचे वेळापत्रक यांचा असा संबंध आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत पाण्याची पातळी लिहावी. काठावरील एखादा मोठा दगड वा झाड खूण म्हणून धरला तरी चालते.

लोणार सरोवराची गोष्ट निराळी. अग्निजन्य काळ्या खडकात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगप्रसिद्ध आहे. २००० साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी जून महिन्यात त्याचे पाणी गुलाबी झाले होते. पाणी घटून क्षार वाढल्याने त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे घडले, असे तपासणीअंती आढळले. धरणाच्या गोड्या पाण्यावर पाणकावळे, खंड्या, सुरय असे मासे धरणारे पक्षी भरपूर दिसतात. लोणारच्या पाण्यासारख्या तीव्र क्षारयुक्त पाण्यात मासे जगणे कठीण. पण सूक्ष्म शैवाल व त्यावर जगणारे बारीक जीव विपुल असतात, म्हणून पाणी गाळून अथवा चिखल टिपून खाणाऱ्या पक्ष्यांस तेथे अन्न मिळते. ज्या शाळांची सहल लोणारला जाते त्यांनी दैत्यसूदन मंदिराबरोबर एवढा फरकही मुलांच्या ध्यानात आणून द्यावा: गावच्या तलावावर आपण पाहिलेले कोणते पक्षी येथे दिसत नाहीत?

निरीक्षणाच्या पद्धतीविषयी थोडे. सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ उत्तम. सूर्य पाठीशी असावा, म्हणजे सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभे राहावे. नाहीतर चकाकत्या पाण्यावर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि दुर्बीण असूनही रंगाविषयी वाद होतात. एका वेळी दहा-बारांहून अधिक मुले नेऊ नयेत. भडक कपडे टाळावेत. काठापासून दूर थांबावे. पक्षी माना उंच करून एकाच दिशेस पाहू लागले म्हणजे आपण जास्त जवळ आलो असे समजून मागे सरावे. वारंवार उडविलेला थवा खाण्याचा वेळ व साठविलेली चरबी दोन्ही गमावतो. दुर्बीण शाळेत नसली तरी अडत नाही. थवा मोजणे, उडण्याची तऱ्हा पाहणे, आवाज ऐकणे यांस डोळे व कान पुरतात.

सुरक्षिततेविषयी मात्र काटेकोर असावे. धरणाचा गाळ वरून सुकलेला दिसतो व आत कंबरभर खोल असतो. पाण्यात कोणत्याही मुलाने पाऊल टाकू नये, भिंतीवर वा सांडव्याखाली जाऊ नये, आणि प्रत्येक पाच मुलांमागे एक मोठे माणूस असावे. पालकांची व मुख्याध्यापकांची संमती लेखी घ्यावी. दोन शिक्षक मिळत नसतील तर त्या दिवशी जाऊच नये.

मोठा थवा मोजावा कसा, हा नेहमीचा प्रश्न. त्याचा सराव वर्गात होतो. काळ्या पाटीवर मूठभर ज्वारीचे दाणे पसरावेत, मुलांना पाच सेकंद दाखवून झाकावेत व अंदाज लिहावयास सांगावा. मग दहा दाणे मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते पाहावे, तशा किती जागा आहेत ते मोजून गुणाकार करावा. शेवटी सर्व दाणे प्रत्यक्ष मोजावेत. पहिल्या दिवशी दोनशेचे कोणी पन्नास म्हणतो, कोणी हजार. आठवड्याभराच्या सरावाने अंदाज पुष्कळ जवळ येतो. चौथीच्या वर्गास गुणाकाराचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही. १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची जी गणना होते, तीतही मोठ्या थव्यांचा अंदाज असाच घेतात.

नोंदवहीत तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याची पातळी, आकाश, पक्षी, संख्या आणि ‘काय करीत होता’ असे रकाने असावेत. काहीच न दिसल्यास ‘काही नाही’ असे लिहावे. तीही नोंदच आहे. नाव ठाऊक नसल्यास नाव घालू नये, वर्णन लिहावे. हा नियम मी स्वतः मोडून पस्तावलो आहे. पहिली दोन वर्षे मी तलावावरील काळ्या पक्ष्यांचे मोठमोठे थवे ‘काळी बदके’ म्हणून नोंदवून घेतले. तिसऱ्या वर्षी मासेमारी करणाऱ्या घरातील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, हे बदक नाही. याच्या पायाला बदकासारखा पडदा नसतो, बोटांना पाकळ्या असतात. आणि उडण्याआधी पाण्यावरून किती धावतो ते बघा ना.” ते वारकरी होते, कोणी त्यास चांदवाही म्हणतात. पांढरी चोच आणि कपाळावरचा पांढरा टिळा इतका स्पष्ट असतो की मला तो दोन वर्षे दिसला नाही याचे आजही आश्चर्य वाटते. त्या दोन वर्षांच्या पानांवर आम्ही खाडाखोड केली नाही. समासात दुरुस्ती लिहिली, आणि त्या मुलीची सही घेतली.

दुसरा एक प्रसंग सांगणे मला अधिक अवघड जाते. आमच्या गटातील पाचवीचा एक मुलगा फार नेमाने नोंदी करी. एका सोमवारी त्याने वही आणून दिली. पक्षी : तलवार बदक. संख्या : ४. ‘काय करीत होते’ या रकान्यात त्याने लिहिले होते, “पिशवीत होते.” वडील शेतमजुरी करीत, काम नसलेल्या दिवसांत त्यांनी उथळ पाण्यात नायलॉनच्या दोऱ्याचे फासे लावले होते. मुलाने काही लपविले नव्हते, कारण नोंद खरी असावी असे मीच त्यास शिकविले होते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालापासून आहे आणि अशी धरपकड हा गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. ते पान मी फाडले असते तर मुलास काय शिकविले असते? आणि तेच पान घेऊन वर गेलो असतो तर? मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी बसावयास पोते अंथरले. मी कायदा सांगितला. तो मी वाईट रीतीने सांगितला, हे बोलतानाच मला कळत होते. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, मासे धरतो तेव्हा तुम्ही काही म्हणत नाही. आणि पोरगं खरं लिहिते, त्याला काही बोलू नका.” मासे तलावातच वाढतात, त्यांचा ठेका असतो, पुढच्या वर्षी पुन्हा बीज सोडता येते, हे बदक सैबेरियातून आलेले आहे, त्याचे बीज आपल्या हाती नाही, एवढे मला त्या वेळी सुचले ते मी सांगितले. पटले की नाही ते त्यांनी सांगितले नाही. मुलगा पुढचे तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी आला, आणि त्या दिवशीच्या त्याच्या नोंदीत सहा फासे काठावर तुटलेले सापडल्याचे लिहिले होते. कोणी तोडले ते मी विचारले नाही. ते पान वहीत तसेच आहे.

अशा प्रसंगी मुलास घरच्यांविरुद्ध साक्षीदार बनवू नये, हे माझे मत आहे. इतरांचे वेगळे असू शकेल. तीच दक्षता पिकांच्या बाबतीत घ्यावी. धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत शेतकरी हरभरा, गहू, भाजीपाला घेतात. पट्टकादंब व करकोचे कोवळ्या पिकात चरतात, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हे. ज्या गाळावर टिलवे टिपतात तोच गाळ कोणाच्या तरी रब्बीची जमीन असतो. हे मुलांपासून लपवू नये. उलट गाळपेर करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्यास शाळेत बोलावून कोणता पक्षी केव्हा व किती नुकसान करतो हे विचारावे आणि त्याचीही नोंद करावी. पुष्कळदा तो आपल्याहून अधिक पक्षी ओळखतो.

दसरा-दिवाळीची सुट्टी नेमकी पाहुण्यांच्या आगमनाच्या दिवसांत येते, ही अडचण आहे. म्हणून सुट्टीपूर्वीच मुलांच्या जोड्या लावून द्याव्यात व प्रत्येक जोडीस एक ठिकाण नेमून द्यावे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिन. या दोन दिवसांमधील आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. सप्ताहात भाषणांपेक्षा मुलांच्या वह्या भिंतीवर मांडाव्यात. चितमपल्लींनी आयुष्यभर वनात नोकरी केली आणि पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे मराठीत गोळा करून ठेविली. आपल्या गावात कोणत्या पक्ष्यास काय म्हणतात हे आजोबा-आजींकडून विचारून आणण्याचे काम त्या आठवड्यात मुलांना द्यावे. एकाच पक्ष्यास घाटावर एक व घाटाखाली दुसरे नाव निघाल्यास दोन्ही लिहावीत.

शेवटी परतीविषयी. फेब्रुवारी-मार्चमध्ये थवे कमी होऊ लागतात. पहिला पक्षी आला ती तारीख त्याच दिवशी लिहिता येते. शेवटचा पक्षी गेला ती तारीख मात्र तो पुढे दिसेनासा झाल्यावरच कळते. यासाठी होळीपासून पाडव्यापर्यंत एक दिवसाआड तरी कोणी तलावावर जावे आणि प्रत्येक जातीसमोर ‘शेवटी दिसला’ या रकान्यातील जुनी तारीख खोडून नवी घालीत जावी. उन्हाळी सुट्टीपूर्वी वही बंद करताना त्या रकान्यात जी तारीख उरेल, ती शाईने पक्की करावी.